सकाळी धरलेला कण दुपारी का निसटतो? लेसरच्या चिमट्यात अर्धवाहक नॅनोकण टिकत नसतील तर काय तपासायचं

एप्रिल लागला की हा प्रश्न हमखास येतो. कधी जळगावातून, कधी धुळ्यातून, परवा शहाद्याकडच्या एका पोरानं विचारला. मजकूर थोड्याफार फरकानं तोच: "सर, सकाळी दहाला कण मस्त पकडला जातो. दुपारचे दोन वाजले की एकही टिकत नाही. पॉवर वाढवली तर बुडबुडा येतो आणि आजूबाजूचं सगळं उधळून जातं. लेसर गेला का?"

सहसा लेसर गेलेला नसतो. पॉवर वाढवणं तर रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दोष बहुतेक वेळा त्या थेंबात असतो आणि पॉवर वाढवली की तोच दोष जास्त जोरात बाहेर येतो.

लेसरचा चिमटा म्हणजे भिंगानं एका ठिपक्यात गोळा केलेला झोत, जो पाण्यातला बारीक कण जागच्या जागी धरून ठेवतो. त्याची मांडणी बहुतेकांकडे सारखीच दिसते. मायक्रोस्कोप, १०० एक्सचं ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं मुख्य भिंग, त्याच्या आणि काचेच्या मधे तेलाचा थेंब लागतो), १०६४ नॅनोमीटरचा लेसर (बजेट नसेल तिथे डीव्हीडी रायटरमधून काढलेला ६५० नॅनोमीटरचा डायोड), कॅमेरा, आणि स्लाइड व कव्हरस्लिपच्या मधे थेंबभर पाणी. पाण्यात झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिकॉन किंवा कॅडमियम सेलेनाइडचे कण.

थोडा हिशोब आधी

भिंगानं एका ठिपक्यात गोळा केलेल्या झोतात कणावर दोन बलं लागतात. एक त्याला प्रकाश सर्वात तीव्र असेल तिकडे ओढतं, दुसरं झोताच्या दिशेनं पुढे ढकलतं. कण तरंगलांबीच्या मानानं बराच लहान असेल तर ओढ त्रिज्येच्या तिसऱ्या घातानं वाढते आणि ढकल सहाव्या घातानं. म्हणजे फार लहान कण ओढ अपुरी पडून सुटतो, तर मोठा कण ढकल जास्त झाल्यानं. आर्थर ॲश्किन यांनी १९७० साली बेल लॅबमध्ये समोरासमोरचे दोन झोत वापरून कण धरले होते. एकाच झोतानं धरायचं तर ओढ ढकलीपेक्षा वरचढ हवी. ते त्यांनी झिएजिक, ब्योर्कहोम आणि स्टीव्हन चू यांच्यासोबत १९८६ मध्ये जमवलं, आणि तेव्हाच २५ नॅनोमीटरपर्यंतचे कण धरून दाखवले. याच कामासाठी २०१८ चं नोबेल मिळालं तेव्हा ॲश्किन ९६ वर्षांचे होते.

अर्धवाहकांचं वेगळेपण त्यांच्या अपवर्तनांकात आहे. पाण्याचा १.३३, पॉलिस्टायरीनचा (ज्या प्लास्टिकचे मणी चिमट्यात नेहमी धरतात) साधारण १.५७, झिंक ऑक्साइडचा १.९५ च्या आसपास, ॲनाटेज रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.५, सिलिकॉनचा ३.५ च्या वर. त्याच आकाराचा टायटॅनियम डायऑक्साइडचा कण पॉलिस्टायरीनच्या मानानं चौपट ओढला जातो. हे ऐकून पोरं खूश होतात. पण ढकल याच आकड्याच्या वर्गानं वाढते, म्हणजे सोळापट, हे लक्षात कुणी ठेवत नाही.

आता सापळ्याची खोली, म्हणजे झोतानं धरलेला कण सुटायला किती ऊर्जा लागते ते. नमुन्यावर १०० मिलिवॉट पोहोचतात आणि ठिपक्याची त्रिज्या अर्धा मायक्रोमीटर आहे असं धरा. १०० नॅनोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीनच्या कणाला सापळा सुमारे २५ केटी खोल पडतो, टायटॅनियम डायऑक्साइडला जवळजवळ १०० केटी. केटी म्हणजे पाण्याचे रेणू कणाला जे धक्के देतात त्या ऊर्जेचं माप. कण निवांत टिकायचा तर निदान १० केटी हवेत, अशी या क्षेत्रातली जुनी मोजपट्टी आहे. व्यास निम्मा केला की खोली आठव्या हिश्श्यावर येते: पॉलिस्टायरीन ३, टायटॅनियम डायऑक्साइड १२. पन्नास नॅनोमीटरचे कण घेऊन बसलेल्यांचं सगळं काठावर चाललेलं असतं ते यामुळे.

"गरम होतं म्हणून कण नाचतो, सर"

हे उत्तर सगळ्यांना आवडतं, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि दोष उन्हावर ढकलला की माणूस मोकळा. हिशोब मात्र तसं सांगत नाही. प्रयोगशाळेचं तापमान २५ वरून ४३ अंशांवर गेलं तर केटी वाढतो फक्त सहा टक्क्यांनी, कारण मोजायचं केल्व्हिनमध्ये: २९८ वरून ३१६. पाणी पातळ होतं हे खरं. त्याची श्यानता ०.८९ मिलिपास्कल-सेकंदावरून ०.६२ च्या आसपास येते आणि कणाची चुळबूळ स्क्रीनवर स्पष्ट वाढलेली दिसते. पण सापळ्याची खोली श्यानतेवर अवलंबून नाही. दोन्ही परिणाम एकत्र धरले तरी १० केटीच्या सापळ्यातून निसटण्याचा दर अडीच पटीच्या आसपास वाढतो. मिनिटभर टिकणारा कण पंचवीस सेकंद टिकेल. "एकही टिकत नाही" याचा खुलासा त्यातून होत नाही.

आता तुलना करा. नमुन्यावर पोहोचणारी पॉवर २० टक्क्यांनी उतरली तर १० केटीचे ८ होतात आणि निसटण्याचा दर सातपट होतो. म्हणून खोलीच्या थर्मामीटरपेक्षा नमुन्यावरची पॉवर आणि नमुन्याची हालत आधी बघायची.

दोन चाचण्या, याच क्रमानं

पहिली: दुपारी, कण टिकत नसताना, काहीही न हलवता एक मायक्रोमीटरच्या पॉलिस्टायरीन किंवा सिलिकाच्या मण्यांची स्लाइड लावा. मणी घट्ट धरला गेला तर झोताची मांडणी सहसा ठीक आहे, भिंगाच्या आणि आरशांच्या स्क्रूंना हात लावू नका. मणीही निसटला तर लेसर, तेल, संरेखन (झोत भिंगातून सरळ जातोय का) यांच्याकडे वळा. मणी दणकट असतो, त्यामुळे पॉवर थोडी उतरली असेल तर तो सांगणार नाही. तेवढ्यासाठी पॉवर मीटर लागतो.

दुसरी: त्याच वेळी, दुपारी दोन वाजता, नमुना मुळापासून ताजा बनवा. नवं पाणी, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कणांचे गोळे सुटे करणारं यंत्र), नवा सेल (स्लाइड आणि कव्हरस्लिपमधली पाण्याची जागा), आणि सकाळच्याच पॉवरवर पाहा. ताज्या नमुन्यातला कण टिकला तर उन्हाचा आणि लेसरचा संबंध मिटला. दुपार महत्त्वाची ठरते ती यासाठी की सकाळी बनवलेला नमुना तोवर चार-पाच तास जुना झालेला असतो. हा मुद्दा पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घड्याळ आणि ऊन एकत्रच चढतात, त्यामुळे दोष कुणाचा हे नुसतं बघून कळत नाही.

कण जातो कसा, तेही बघून ठेवा. आजूबाजूला कुठेही सुटला तर सापळा उथळ आहे. प्रतिमा अंधुक होत, भोवती वलयं पसरत नाहीसा झाला तर तो झोताच्या दिशेनं ढकलला गेला, म्हणजे कण मोठा आहे किंवा प्रकाश शोषतोय. ठिपका हळूहळू उजळत गेला आणि मग एकदम फुटला तर एकाच्या जागी पाच-दहा कण जमले होते. सगळेच कण एका दिशेला सरकत असतील तर सेल गळतोय किंवा वाळतोय.

सेल वाळतो

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओला पंचा दोरीवर टाकून चहा पिऊन येईपर्यंत वाळलेला असतो. कव्हरस्लिपच्या कडा उघड्या असतील तर मधलं पाणी तसंच उडतं. काठाशी पाणी उडालं की मधलं पाणी काठाकडे धावतं आणि कण त्याच्यासोबत.

आता इथे एक गैरसमज आहे. प्रवाह कणाला सापळ्यातून ओढून नेतो असं सगळे म्हणतात. सेकंदाला २० मायक्रोमीटरच्या प्रवाहाचं १०० नॅनोमीटरच्या कणावरचं बल काढलं तर ते एका पिकोन्यूटनच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतं. २५ केटीचा सापळा बाजूनं त्याच्या दहापटीहून जास्त बल सहन करतो. प्रवाहाचा खरा त्रास तीन वाटांनी येतो. एक, तो सापळ्यापाशी नव्या कणांची रांग लावतो आणि एकट्या कणाचा गोळा बनवतो. दोन, पाणी उडतं पण त्यातले क्षार मागेच राहतात, त्यामुळे दुपारपर्यंत तोच थेंब जास्त खारट झालेला असतो. तीन, स्पेसर (दोन काचांमधली फट राखणारी पट्टी) नसेल तर कव्हरस्लिप खाली बसते आणि सकाळी काचेपासून आठ मायक्रोमीटरवर असलेला फोकस दुपारी कुठे आहे याचा पत्ताच नसतो.

उपाय स्वस्तात होतात. दोन बाजूंना दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे लावा, त्यानं साधारण शंभर मायक्रोमीटरची फट मिळते. उरलेल्या दोन कडा बंद करा. नेलपॉलिश चालतं, पण ते पूर्ण वाळू द्या, ओलं असताना त्यातलं द्रावक पाण्यात उतरतं. व्हॅसलिन आणि मेणबत्तीचं मेण एकत्र वितळवून लावणं मला जास्त पसंत आहे. उन्हाळ्यात मेण जास्त घ्या. नुसतं व्हॅसलिन दुपारी पातळ होऊन काचेवरून उतरतं आणि कव्हरस्लिपवर त्याचा तवंग येतो. ऑब्जेक्टिव्हच्या तेलात तो मिसळला की प्रतिमा दुधाळ दिसते आणि पोरं लेन्स बदलायची भाषा करतात.

पाणी

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच निघतो.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं हे गिझरची कॉइल उघडून बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. प्रयोगाला बोअरचं पाणी कुणी वापरत नाही, मान्य. पण बीकर शेवटी कशानं विसळला? सोनिकेटरच्या टाकीतलं पाणी उडून कुपीच्या तोंडात गेलं का? आणि "डिस्टिल्ड वॉटर" म्हणून जे आणलं ते बॅटरीच्या दुकानातलं कॅनमधलं तर नव्हे? ते इन्व्हर्टरला पुरतं, नॅनोकणांना नाही. आरओवाल्याकडे असतो तसला टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजायचा मीटर शे-दोनशे रुपयांत येतो. तो आधी पाण्यात बुडवा. शून्य-एक-दोन दाखवला तर ठीक. पंधरा-वीस दाखवला तर ते पाणी बाजूला ठेवा.

कारण असं. पाण्यात कण एकमेकांपासून लांब राहतात ते पृष्ठभागावरच्या विद्युतभारामुळे. त्या भाराचा प्रभाव किती अंतर पोहोचतो ते पाण्यातल्या आयनांवर ठरतं. १ मिलिमोलर साध्या मिठाच्या पाण्यात ते अंतर जवळपास १० नॅनोमीटर, १० मिलिमोलरमध्ये ३. टीडीएस ५०० असलेल्या पाण्यात अंतर या ३ च्याच आसपास उरतं. त्यात कॅल्शियम दुहेरी भाराचा. शुल्झे-हार्डीच्या जुन्या नियमाप्रमाणे, कण साकळवायला दुहेरी आयन एकेरीच्या मानानं कितीतरी पट कमी लागतात, सिद्धांतानं साठेक पट कमी. बीकरच्या तळाशी वाळलेला पांढरा पापुद्रा बोटानं खरवडून निघतो ना, तेवढा पुरे होतो.

टायटॅनियम डायऑक्साइडवाल्यांसाठी आणखी एक सापळा आहे, लेसरशी संबंध नसलेला. या पदार्थाच्या पृष्ठभागावरचा एकूण भार पीएच ६ च्या आसपास शून्य होतो. उघड्या बाटलीतलं उत्तम डिस्टिल्ड वॉटरसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पीएच ५.६ च्या जवळ येतं. म्हणजे सगळ्यात शुद्ध पाणी घेतलं, काळजीनं ठेवलं, आणि नेमकं कण चिकटण्याच्या जागी नेऊन उभं केलं! थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १० च्या आसपास न्या. ०.१ मिलिमोलर पुरतं आणि एवढ्यानं आयनांची गर्दी होत नाही. मात्र पाणी जड असेल तर हा उपाय उलटतो, ऋण भाराच्या कणांना कॅल्शियम आणखी पक्कं जोडतो. म्हणून आधी टीडीएस, मग पीएच. झिंक ऑक्साइडचा शून्य-भार बिंदू ९ च्या आसपास आहे आणि आम्लात तो विरघळतोच, त्यामुळे त्याच्याशी पीएचचे खेळ करू नका. रोज ताजा नमुना बनवा, तास-दोन तासांत काम संपवा.

नमुना साकळलाय हे ओळखायचं कसं? डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगचं (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं) यंत्र असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कुपी न हलवता ठेवा आणि खाली बघा. १०० नॅनोमीटरचा टायटॅनियम डायऑक्साइडचा सुटा कण १०० मायक्रोमीटर खाली यायला तासाहून जास्त घेतो. अर्ध्या मायक्रोमीटरचा गोळा तेवढंच अंतर तीन-चार मिनिटांत उतरतो. सेल बनवून पाच मिनिटं थांबलात आणि खालच्या काचेवर फोकस केल्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर तुमचे "नॅनोकण" नॅनो राहिलेले नाहीत. आमच्याकडचे मामा प्रयोगशाळा सांभाळतात, भौतिकशास्त्राशी त्यांचा संबंध नाही. स्क्रीनकडे बघून तेच आधी म्हणतात, "भाऊ, हाई ते गाळ शे." बहुतेक वेळा बरोबर निघतात.

यातून सकाळचं यशही संशयास्पद ठरतं. कुपी हलवून लगेच घेतलेल्या थेंबात दोनशे-तीनशे नॅनोमीटरचे गोळे तरंगत असतात, ते सहज धरले जातात आणि छान चमकतात. दुपारपर्यंत ते वाढून तळाला बसतात. मग झोतात सापडतात एकतर फार मोठे, ढकलले जाणारे, किंवा फार छोटे, न धरले जाणारे. सकाळी नेमकं काय धरलं होतं हे तपासल्याशिवाय वहीत "१०० नॅनोमीटर" लिहू नका.

बुडबुडा, आणि पदार्थ व रंगाचा मेळ

पॉवर वाढवल्यावर बुडबुडा येतो म्हणजे काहीतरी प्रकाश शोषतंय. कोण शोषेल ते एका भागाकारानं कळतं: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागा, फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. १०६४ म्हणजे १.१७, ६५० म्हणजे १.९१. ती पदार्थाच्या ऊर्जा-फटीपेक्षा (त्यातल्या इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा) जास्त असेल तर शोषण होणारच. टायटॅनियम डायऑक्साइडची फट ३.२, झिंक ऑक्साइडची ३.३ च्या वर, हे दोन्ही पदार्थ या लेसरना पारदर्शक. कॅडमियम सेलेनाइडची १.७४, सिलिकॉनची १.१२. म्हणजे डीव्हीडीच्या डायोडनं सिलिकॉन धरायला बसलात तर तुम्ही चिमटा नाही, शेगडी बनवली आहे. १०६४ सिलिकॉनच्या फटीच्या अगदी काठावर पडतो, शोषण कमी असतं आणि काम होतं, पण पॉवर हात राखून. कॅडमियम सेलेनाइडचे हिरवे चमकणारे छोटे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे कण) आकारामुळे फट रुंदावून ६५० ला पारदर्शक होतात, लाल चमकणारे मोठे डॉट काठावर येतात.

पारदर्शक पदार्थातही बुडबुडा आला तर कण मळका आहे. बनवताना राहिलेला कार्बन, धातूचा अंश, वावटळीतून आलेली धूळ, काहीही. अर्ध्या मायक्रोमीटरच्या गोळ्यानं १०० मिलिवॉटमधला फक्त हजारावा भाग शोषला तरी त्याच्या पृष्ठभागाचं तापमान भोवतालपेक्षा पन्नासेक अंशांनी चढतं. पाणी सकाळी २८ वर असताना हे खपून जातं. दुपारी ४३ वरून सुरुवात केली की नव्वदी गाठली जाते, विरघळलेली हवा सुटायला लागते, आणि त्यात तुम्ही पॉवर दुप्पट करता. उन्हाचा हात लागतो तो इथे. धुतलेला कण असेल तर तोही लागत नाही. स्वच्छ पाण्याचं स्वतःचं १०६४ ला तापणं १०० मिलिवॉटला अंशभराच्या आसपास असतं, त्याची चिंता नको. ९८० चा डायोड वापरणाऱ्यांनी मात्र करावी, तिथे पाणी काही पटींनी जास्त शोषतं.

लेसरचं दुपारचं वागणं

पहिल्या चाचणीत मणीही सुटला असेल तर हा भाग वाचा.

१०६४ चे स्वस्त लेसर आत ८०८ नॅनोमीटरच्या डायोडवर चालतात. डायोड तापला की त्याची तरंगलांबी अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटरनं सरकते, आणि निओडिमियमचा स्फटिक ८०८ च्या आसपासचा अरुंद पट्टाच नीट पितो. पंधरा अंशांनी चार-पाच नॅनोमीटर सरकलं की पॉवर उतरते. आतला थंड ठेवणारा घटक हे सांभाळतो, पण दुपारी व्होल्टेज पडलं आणि एसीही धापा टाकत असेल तर त्याची ताकद संपते. साधा स्टॅबिलायझर आणि लेसरच्या डब्याखाली ॲल्युमिनियमची जाड पट्टी, एवढ्यानं बराच फरक पडतो. पॉवर नेहमी ऑब्जेक्टिव्हच्या पुढे मोजा. दिसणाऱ्या प्रकाशासाठी बनवलेली ऑब्जेक्टिव्ह १०६४ चा बराच भाग आतच गिळतात, त्यामुळे लेसरवरचा आकडा वहीत लिहिण्याच्या लायकीचा नसतो.

इमर्शन तेलाचा अपवर्तनांकही अंशाला ०.०००४ च्या आसपास उतरतो. वीस अंशांनी १.५१५ चा १.५०७ होतो आणि ठिपका थोडा पसरतो. कव्हरस्लिपपासून पाच-दहा मायक्रोमीटरच्या आत काम केलं तर हे जाणवत नाही. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हनं पाण्यात तीस-चाळीस मायक्रोमीटर खोल जाऊ नका, सकाळीसुद्धा. आणि कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरचीच हवी.

कूलर. खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर दुपारीच सुरू होतो आणि भिंतीसकट टेबल हलवतो. दोन मिनिटं बंद करून बघा. महागडं टेबल नसेल तर कडप्प्याची जाड फरशी आणि तिच्याखाली स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबा हा जुना जुगाड चांगला चालतो. ट्यूब कडक फुगवली तर काही उपयोग नाही, फरशी बोटानं दाबल्यावर हळू डोलली पाहिजे.

एकच क्वांटम डॉट धरल्याचा दावा

दर वर्षी कुणीतरी पाच नॅनोमीटरचा एकटा डॉट धरल्याचं कळवतो. वरचा हिशोब लावा: १०० चा ५ झाला की घनफळ ८००० पटींनी घटतं, म्हणजे १०० केटीचा सापळा केटीच्या शंभराव्या भागावर येतो. २००८ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या लेने ओडरशेडे यांच्या गटानं एकेकटे डॉट धरल्याचं प्रसिद्ध केलं आहे, तेव्हा अशक्य म्हणणार नाही. साध्या घनफळाच्या हिशोबात न बसणारं बरंच काही तिथे आहे. पण तुमच्या ठिपक्याची खात्री करायला सोपी खूण आहे. एकटा डॉट लुकलुकतो, मधेच पूर्ण विझतो आणि परत पेटतो. ठिपका स्थिर चमकत असेल तर तो गोळा आहे. दिवा बंद करून नुसत्या १०६४ वर चमक दिसली तर घाबरू नका, दोन फोटॉन मिळून २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतात आणि कॅडमियम सेलेनाइडला तेवढे पुरतात.

नॅनोतारांचं काम करणाऱ्यांनी वेगळा रस्ता बघावा. लेसरच्या चिमट्यानंही तारा धरल्या गेल्या आहेत, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पीडाँग यांग आणि यान लिफार्ट यांच्या गटांनी २००६ मध्ये ते दाखवलं. पण २००५ मध्ये तिथल्याच मिंग वू यांच्या गटानं अनाकार सिलिकॉनच्या थरावर प्रकाशाचे आकार पाडून विद्युतक्षेत्रानं कण हलवण्याची जी रीत दाखवली, तिला प्रकाश सुमारे लाखपट कमी तीव्र लागतो. साध्या प्रोजेक्टरची तीव्रता पुरते, कण तापत नाही. पाणी मात्र तिथेही कमी वाहकतेचंच हवं, तेव्हा टीडीएस मीटर टाकून देऊ नका.

एवढं करूनही सुटत असेल तर मला "कण टिकत नाही" एवढंच लिहू नका. पदार्थ, तरंगलांबी, ऑब्जेक्टिव्हच्या पुढची पॉवर, पाण्याचा टीडीएस, पीएच, नमुना किती तासांचा, आणि मणी टिकतो की नाही, एवढं लिहा. सोबत कण सुटतानाची दहा सेकंदांची फीत पाठवा. १०६४ डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. त्याच तरंगलांबीचा चष्मा घालूनच संरेखन करा, कार्डावर ठिपका शोधा, आयपीसमधून डोकावू नका. कॅडमियमचा उरलेला नमुना बेसिनमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत, नाव-तारीख लिहून.